एकच ध्वनि, नाना पात्रें

मध्य रेल्वेच्या भांडुप व मुलुंड या दोन गजबजलेल्या स्थानकांच्या मध्यें नाहूर हें लहानसें स्थानक आहे. सकाळीं येथें गाडींत चढणाऱ्या मंडळींकडे पाहिलें, तर पुष्कळांच्या कानांत इअरफोन दिसतात. कोणी बातम्या ऐकतो, कोणी नाट्यगीत, कोणी अभंग. समजा, तिघेजण एकच अभंग ऐकत आहेत. एकाजवळ नवा आयफोन आहे. दुसऱ्याजवळ आठ-दहा वर्षें वापरलेला साधा फोन आहे. तिसरा घरींच संगणकापुढें बसला आहे. अभंग तिघांनाहि दूर कोठेंतरी ठेवलेल्या एकाच यंत्राकडून मिळतो. या यंत्रास सर्व्हर असें म्हणतात. परंतु तिघांच्या यंत्रांना वाचतां येणारी ध्वनीची लिपि एक नाहीं, आणि तिघांपर्यंत पोंचणारी वाटहि सारखी रुंद नाहीं. मग सर्व्हर हें कसें निभावतो? प्रश्न वरवर पाहतां केवळ कारागिराचा वाटेल. पण ज्यांच्या कपाटांत आजीच्या ओव्यांची एखादी कॅसेट पडून आहे, त्यांचा या प्रश्नाशीं अगदीं निकटचा संबंध आहे. म्हणून विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि पुढील मजकूर थोडा धीर धरून वाचावा.

ध्वनि साठविण्याचीं पात्रें बदलत जाणें ही गोष्ट नवी नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्या गायक-गायिकांचीं गाणीं लाखेच्या तबकड्यांवर निघत. दहा इंची तबकडी मिनिटाला सुमारें ७८ फेरे घेई, आणि तिच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांचेंच गाणें मावे. मैफलींत जो राग तासभर आळवावयाचा तो गवयाला तेवढ्यांत आटोपावा लागे. म्हणजे पात्रानेंच गाण्याला आकार दिला. पुढें १९४८ सालीं मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची मोठी तबकडी आली, १९६३ सालीं कॅसेट आली, १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क आली. प्रत्येकीचें यंत्र निराळें. मोठी तबकडी चुकून ७८ फेऱ्यांवर लावली कीं धीरगंभीर बुवांचा आवाज चिमणीच्या चिवचिवाटासारखा होई, आणि घरांतलीं मुलें पोट धरून हंसत. तबकडी तीच, त्यांतील खांचाहि त्याच. चुकली ती केवळ वाचण्याची रीत.

हें मर्म ज्या तबकडीवरून सर्वांत चांगलें कळतें ती आज पृथ्वीवर नाहीं. गोव्यांतील केरी गांवच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ सालीं अमेरिकेनें सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर, जगांतील इतर निवडक संगीताबरोबर, अंतराळांत गेली. तबकडी तांब्याची असून तिच्यावर सोन्याचा मुलामा आहे. ती मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनीं वाजवावयाची आहे. परंतु तेथें ती ज्याच्या हातीं पडेल त्याला ‘मिनिट’ म्हणजे काय हें कसें ठाऊक असणार? म्हणून तबकडीबरोबर सुई ठेवलेली आहे, आणि आवरणावर ती कशी टेकवावी याचें चित्र कोरलेलें आहे. एका फेऱ्यास लागणारे ३.६ सेकंद हायड्रोजनच्या अणूंतील एका ठराविक बदलाच्या काळानें मोजून दाखविले आहेत. म्हणजे केवळ ध्वनि पाठवून शास्त्रज्ञ थांबले नाहींत. तो वाचण्याची रीतहि त्यांनीं सोबत दिली. संगणकांतल्या ध्वनीच्या फाईलीलाहि नेमकें हेंच करावें लागतें.

आतां फाईल म्हणजे काय तें पाहूं. ध्वनि म्हणजे हवेच्या दाबांतील चढउतार. संगणक हा चढउतार सेकंदांत हजारों वेळां मोजतो व प्रत्येक वेळची उंची आंकड्यानें लिहून ठेवतो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या पद्धतींत सेकंदाला ४४,१०० मोजमापें होतात. माणसाच्या कानाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकूं येतो, आणि कोणतेंहि कंपन नीट टिपावयाचें तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळां मोजावें लागतें; त्यावरून हा आंकडा ठरला. प्रत्येक मोजमापास दोन बाइट जागा लागते, आणि डाव्या व उजव्या कानासाठीं दोन ओळी असतात. ४४,१०० ला दोहोंनीं व पुन्हां दोहोंनीं गुणा: सेकंदाला १,७६,४०० बाइट झाले. मिनिटाला १,०५,८४,००० म्हणजे एक कोटीहून अधिक! असे आंकडे जशाच्या तसे साठविणारी जी फाईल तिला सामान्यतः वेव्ह म्हणतात. ती १९९१ सालापासून प्रचारांत आहे.

एवढें ओझें मोबाईलच्या वाटेनें सदोदित वाहून नेणें परवडत नाहीं, म्हणून तें आंवळावें लागतें. आंवळण्याच्या तर्‍हा दोन. पहिलींत कांहींहि टाकून देत नाहींत. अंथरुणाची वळकटी करावी तसें आंकडे कौशल्यानें बांधतात, आणि सोडल्यावर चादरीचा दोरासुद्धां कमी झालेला नसतो. फ्लॅक ही या जातीची पद्धति २००१ सालीं पूर्णत्वास आली. तिनें ओझें अनेकदां निम्म्याच्या आसपास येतें. दुसरी तर्‍हा अधिक धाडसी आहे. ती कांहीं भाग सरळ टाकूनच देते, पण असा कीं, कानाला त्याचा पत्ता लागूं नये.

हें कसें साधतें? नाहूरच्या फलाटावरून जलद गाडी धडधडत जाते तेव्हां शेजारच्या मित्राची कुजबुज ऐकूं येत नाहीं. मित्र थांबलेला नसतो. मोठ्या आवाजानें लहान आवाज झांकलेला असतो. मग जें ऐकूंच येणार नाहीं तें लिहून तरी कशाला ठेवावें? जर्मनींतील एरलांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या विचारावर पुष्कळ परिश्रम केले, आणि त्यांतून एमपी-थ्री ही पद्धति आकाराला आली. १२८ किलोबिट या गतीच्या एमपी-थ्री फाईलीला मिनिटास ९,६०,००० बाइट पुरतात. मूळ ओझ्याचा हा अकरावा हिस्सा. तिच्यामागून एएसी आली, व २०१२ सालीं ओपस आली. ओपसला साध्या बोलण्यासाठीं २४ किलोबिट, म्हणजे मिनिटास १,८०,००० बाइट, दिले तरी बोलणें स्वच्छ कळतें. व्हॉट्सॲपवर आपण बोलून जो निरोप धाडतों तो ओपसमध्यें बांधलेला असतो.

येथें एक घोटाळा हटकून होतो. फाईलीच्या नांवाचें शेपूट पाहून आपण तिची जात ठरवितों; पण शेपूट पुष्कळदां केवळ डब्याचें नांव असतें, आंतल्या पदार्थाचें नव्हे. ओग हा डबा आहे. त्यांत ओपस असेल, व्हॉर्बिस असेल किंवा फ्लॅकहि असेल. एम-फोर-ए हाहि डबाच. पिठाच्या डब्यांत डाळ ठेवणाऱ्या गृहिणी आपल्याकडे थोड्या नाहींत. त्यांना तें ठाऊक असतें, परक्याला नसतें. शिवाय नांव कोणीहि बदलूं शकतो. म्हणून चांगला सर्व्हर नांवावर विसंबत नाहीं. तो डब्याचें झांकण उघडून आंत पाहतो. फाईलीचे पहिले कांहीं बाइट तिची खूण सांगतात. वेव्ह फाईल आर-आय-एफ-एफ या अक्षरांनीं सुरू होते, ओग फाईल ओ-जी-जी-एस यांनीं, फ्लॅक एफ-एल-ए-सी यांनीं. त्या खुणेच्या पाठोपाठ मोजमापें सेकंदाला किती, ओळी किती, ही माहिती असते. व्हॉयेजरच्या आवरणावरील चित्राचें काम तें हेंच.

ही माहिती चुकीची वाचली गेली तर काय होतें? सेकंदाला ४८,००० मोजमापांचें गाणें ४४,१०० समजून वाजविलें, तर दहा मिनिटांचें गाणें जवळजवळ दहा मिनिटें त्रेपन्न सेकंद चालेल, आणि काळी चार धरून गाणारी बाई पांढरी पांचच्याहि खालीं उतरेल. गाणें बंद पडत नाहीं, कोणी तक्रारहि करीत नाहीं. फक्त ती बाई तशी कधींच गायिली नव्हती!

आतां प्रत्यक्ष सर्व्हरकडे वळूं. आणि त्यासाठीं आपल्याच परिसरांतील एक कल्पना करूं. ठाण्याच्या खाडीलगतच्या जुन्या गांवठाणांतून आगरी समाजाची वस्ती फार दिवसांची आहे. त्यांच्या लग्नांत धवलारीण धवले गाते व लग्नाचे विधि गाण्यानेंच चालवते. हीं गीतें तोंडींच चालत आलीं. समजा, विद्यार्थ्यांनीं ठरविलें कीं आपापल्या घरच्या व शेजारच्या वृद्ध स्त्रियांचीं अशीं गाणीं गोळा करून सर्वांना ऐकावयास ठेवावींत. पहिल्याच आठवड्यांत काय येईल? एक मुलगा मामाच्या जुन्या फोनमधील एएमआर फाईल आणील. तिच्यांत सेकंदाला अवघीं ८,००० मोजमापें. एक मुलगी आयफोनमधील एम-फोर-ए आणील. तिसऱ्यास काकांनीं व्हॉट्सॲपवर ओपस धाडलेलें असेल. कोणी लग्नाच्या चित्रफितींतून काढलेला आवाज आणील, आणि कोणी हातांत सरळ कॅसेटच घेऊन येईल.

सर्व्हरचें पहिलें काम ओळख पटविण्याचें. तें वर सांगितलें. दुसरें काम, आलेली वस्तु जशी आली तशीच, अक्षरहि न बदलतां, एका बाजूस जपून ठेवण्याचें. ही मूळ प्रति. तिसरें काम, त्या मूळ प्रतीवरून वाटपाच्या प्रति तयार करण्याचें: जुन्या फोनांसाठीं एमपी-थ्री, नव्यांसाठीं एएसी किंवा ओपस, आणि त्याहि दोन-तीन वजनांच्या. या रूपांतरासाठीं एफएफएमपेग नांवाचें एक साधन जगभर वापरतात. फाब्रीस बेलार या फ्रेंच गृहस्थानें तें २००० सालीं सुरू केलें. तें कोणासहि विनामूल्य मिळतें. एमपी-थ्रीवरील परवान्यांचा व्यवहारहि २०१७ सालीं संपला, त्यामुळें शाळेसारख्या संस्थेला त्या बाबतींत कोणाची परवानगी मागावी लागत नाहीं.

चौथें काम वाटपाचें. पूर्वी संपूर्ण फाईल उतरवून घेतल्यावरच ती वाजे. हंडा भरल्याखेरीज पाणी प्यावयाचें नाहीं, असा तो प्रकार. स्ट्रीमिंग म्हणजे नळाला ओंजळ लावणें. यासाठीं ॲपल कंपनीनें २००९ सालीं आणलेली एक रीत फार रूढ झाली आहे. सर्व्हर गाण्याचे सुमारें सहा-सहा सेकंदांचे तुकडे करतो व त्यांची एक यादी फोनला देतो. १२८ किलोबिटांच्या वाटपांत असा एक तुकडा ९६,००० बाइटांचा, ३२ किलोबिटांच्या वाटपांत अवघा २४,००० चा. गाडी उघड्या मार्गावरून चालली आहे तोंवर फोन मोठे तुकडे मागतो. गर्दीच्या स्थानकांत सर्वांनीं एकदम जाळें ओढलें कीं तुकडा वेळेवर येईनासा होतो. मग फोन मुकाट्यानें यादींतील लहान तुकड्यांकडे वळतो. गाणें तुटत नाहीं; थोडें बोथट होतें, एवढेंच. मौज अशी कीं, हा निर्णय सर्व्हर घेत नसून फोन घेतो; सर्व्हरनें केवळ सर्व मापांचे तुकडे आधींच मांडून ठेवलेले असतात. थेट प्रक्षेपणाची गोष्ट निराळी. तेथें आधीं मांडून ठेवण्यास अवसर नसतो. गाणारा गात असतांनाच सर्व रूपें एकदम तयार करावीं लागतात, म्हणून ऐकणारा नेहमीं कांहीं सेकंद मागें राहतो.

हें सर्व नीट चालतें. मग भय कशाचें? भय दुसऱ्या कामांत हयगय होण्याचें. जागा वाचविण्याच्या लोभानें पुष्कळ लोक मूळ प्रति पुसून टाकतात व आंवळलेली तेवढी ठेवतात. कांहीं वर्षांनीं नवी पद्धति येते. मग त्या आंवळलेल्या प्रतीवरून पुन्हां आंवळलेली प्रति करतात. प्रत्येक पद्धति आपल्या हिशेबानें कांहीं टाकते, आणि पहिलीनें केलेली खरखर दुसरीला गाण्याचाच भाग वाटते. एमपी-थ्रीचें पुन्हां वेव्ह केलें तर फाईल अकरापट फुगते, पण गेलेला ध्वनि परत येत नाहीं. पाणी घातलेल्या दुधाचें माप वाढावें तसेंच तें.

आपल्या पूर्वजांना हा रोग ओळखीचा होता. नकलेवरून नक्कल होतां होतां ज्ञानेश्वरीच्या पोथींत अपपाठ शिरले, आणि एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, तिची शुद्ध प्रति सिद्ध करावी लागली. एकनाथांना निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहतां आल्या व भाषेची जाण त्यांच्या मदतीस होती. परंतु धवलारणीच्या आवाजाची एकुलती एक फाईल, आणि तीहि तीनदां आंवळलेली, असेल तर ताडून कशाशीं पाहावयाचें?

आणखी एक बारीक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आंवळणारें यंत्र ‘ऐकण्याजोगें’ काय हें ठरवितें. पण कोणाच्या कानानें? पुण्यास हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह गांवोगांवच्या स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह केला. त्यांत एक लाखाहून अधिक ओव्या असून शंभराहून अधिक तासांचें ध्वनिमुद्रण आहे. ‘पारी’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेनें २०१७ सालापासून त्या ओव्या इंटरनेटवर वाचावयास व ऐकावयास ठेवण्यास आरंभ केला. ओवी ज्यानें ऐकली आहे त्याला ठाऊक आहे कीं, जात्याची घरघर हा तिचा ठेका आहे. पण बोलण्यासाठीं रचलेल्या साधनांना, विशेषतः फोनमधील गोंगाट काढून टाकणाऱ्या योजनेला, सतत चालणारी घरघर म्हणजे पंख्याचा आवाज वाटते. ती ती पुसूं पाहते. मग ओवी राहते, जातें जातें. तेव्हां ध्वनि टिपतांना ही योजना बंद ठेवावी. वाटपाची प्रति हलकी करतांनाहि संगीताची निवड करावी, बोलण्याची नव्हे.

जागेची सबब तर आतां उरलेलीच नाहीं. असें शंभर तासांचें मुद्रण दोन ओळींत, कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापानें, कांहींहि न टाकतां ठेवलें तरी तें त्रेसष्ट अब्जांहून थोडें अधिक बाइट भरतें. नखाएवढ्या १२८ जीबीच्या कार्डांत तें मावून निम्मी जागा शिल्लक राहते.

पालकांनीं घरच्या कॅसेटी उतरवून घ्यावयाच्या तर फार खटाटोप नाहीं. मात्र लवकर केलें पाहिजे, कारण फितीवरील चुंबकीय थर जुना झाला कीं झडूं लागतो, आणि वाजविणारीं यंत्रेंहि दुर्मिळ होत चाललीं आहेत. फीत प्रथम एकदां पुढें-मागें पूर्ण फिरवून सैल करावी व यंत्राचें मस्तक स्पिरिटच्या बोळ्यानें पुसावें. भोंग्यासमोर फोन धरूं नये. यंत्रांतून तार काढून ती संगणकास जोडावी. सेकंदाला ४८,००० मोजमापें व प्रत्येकीस तीन बाइट ठेवून उतरवावें, आणि फाईल फ्लॅकमध्यें बांधावी. फ्लॅकच्या पोटांत मूळ आंकड्यांचा एक ताळा लिहिलेला असतो. वर्षा-दोन वर्षांनीं तो जमवून पाहिला म्हणजे प्रति बिघडली कीं काय हें कळतें. एक प्रति आपल्या घरीं, एक नातलगाच्या घरीं ठेवावी. गाणारीचें नांव, गांव व साल फाईलीच्या माहितींत लिहावें, आणि गाणारी हयात असेल तर तिच्याच तोंडून आरंभीं वदवून घ्यावें. आवाज व्हॉट्सॲपवर कोणास धाडावयाचा असल्यास ती फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोंचते.

आणि पहिली बाजू संपल्यावर कॅसेट उलटावयास विसरूं नये. वर चिठ्ठी एकाच गाण्याची असते, पण दुसऱ्या बाजूस पुष्कळदां कोणीं लिहून न ठेवलेलें कांहींतरी निघतें: आजोबांचें खोकणें, शेजारणीची हांक, बाळाचें रडणें. तेंहि उतरवून घ्यावें, आणि कापूं नये.